बुडालेला किनारा नकाशावर आणायचा तर नेमकं काय करावं लागतं?

वाळूचा_बांध (धागाकर्ता)

गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, म्हणजे साधारण २६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वी, समुद्रपातळी आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होती. तेव्हाची किनारपट्टी, खाड्या, खाजणं, पुळणी आणि तिथल्या वस्त्या, सगळंच आता पाण्याखाली. त्या काळातलं जे काही आज कोरड्यावर सापडतं, ते बहुतेक ठिकाणी तेव्हाच्या आतल्या प्रदेशातलं. त्यामुळे माणूस किनाऱ्याकडे उशिरा वळला असं जे चित्र दिसतं, ते खरं किती आणि पुरावा बुडाल्यामुळे किती, हे किनारा पुन्हा उभा केल्याशिवाय ठरत नाही.

सर्रास वापरली जाणारी पद्धत अशी: गेब्कोचा (जगभरच्या समुद्रतळाच्या खोलीचा खुला नकाशा) ग्रिड उतरवून घ्यायचा, जागतिक समुद्रपातळीच्या आलेखावर ११,५०० वर्षांपूर्वीचा आकडा बघायचा (उणे ६० मीटरच्या आसपास), ती समखोली रेषा काढायची आणि तिला किनारा म्हणायचं. यात काय चुकतं, आणि वस्तीपर्यंत पोहोचायचं तर कामाचा क्रम कसा असावा? तपशिलात लिहा. 'छान विषय, वाचतोय' छाप प्रतिसाद नकोत.

खाजणवाला

ती रेषा किनारा नाहीच. आजच्या तळावर काढलेली ती आजची रेषा आहे. घोळ चार ठिकाणी होतो.

पहिला तळाचा. समुद्र आत सरकताना लाटा जुन्या जमिनीचा वरचा भाग तासून नेतात, काही ठिकाणी कित्येक मीटर. मग त्यावर नंतरचा गाळ बसतो; मोठ्या नदीच्या मुखासमोर तो २०-३० मीटर जाड असला तरी नवल नाही. म्हणजे आज जिथे ६० मीटर खोली आहे तिथली तेव्हाची जमीन ८५ मीटरवर असू शकते. गाळ हिशेबातून उतरवता येतो. तासून गेलेलं मात्र परत मिळत नाही.

दुसरा, जमीन स्वतःच हलते. बर्फाच्या ओझ्याने खचलेलं कवच बर्फ वितळल्यावर अजूनही वर येतंय. स्वीडनच्या होगा कुस्टेन भागात हिमयुगानंतरच्या समुद्राची सर्वांत वरची खूण आज २८६ मीटर उंचीवर आहे. जागतिक आलेख तिथे लावून बघा, हसं होईल. बर्फापासून दूरच्या किनाऱ्यांवर उलट प्रकार असतो: वाढलेल्या पाण्याच्या भाराने खंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) दबतो आणि आतली जमीन किंचित उचलली जाते. म्हणून त्या भागाचा सापेक्ष आलेखच वापरायचा. तो नसेल तर कवचाच्या हालचालीचं प्रारूप चालवायचं, आणि तेही बर्फाचे दोन-तीन वेगवेगळे इतिहास गृहीत धरून. एकच प्रारूप चालवून आलेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

तिसरा भरती-ओहोटीचा. आलेख सरासरी पातळी सांगतो. शिंपले वेचणाऱ्या माणसाच्या कामाचा पट्टा म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी जमीन. आखाताचा आकार आणि खोली बदलली की भरतीची उंचीही बदलते, त्यामुळे आजचा ४ मीटरचा फरक ९,००० वर्षांपूर्वी जसाच्या तसा धरता येत नाही.

चौथा सगळ्यात क्षुल्लक, आणि सगळ्यात जास्त वेळा होणारा: शून्य कुठलं? नौकानयनाच्या नकाशाचं शून्य नीचतम ओहोटीच्या आसपास असतं, जमिनीच्या सर्वेक्षणाचं सरासरी समुद्रपातळीवर, आणि जीपीएस देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरची उंची. मोठ्या भरतीच्या किनाऱ्यावर पहिल्या दोघांत ३ मीटरचा फरक सहज पडतो. तीन स्रोतांतले आकडे एका तक्त्यात आले आणि रकान्यावर फक्त 'उंची' लिहिलं, की पुढचं सगळं काम वाया.

आणि उंचीतली चूक जमिनीवर किती पसरते तेही बघा. खंडमंचाचा उतार १:१००० असेल, तर ±३ मीटरची अनिश्चितता म्हणजे किनारा ३ किलोमीटर इकडे किंवा ३ किलोमीटर तिकडे. म्हणून रेषा काढू नये, पट्टा काढावा.

सोनारी

खाजणवाल्यांशी सहमत. गाळ 'उतरवायचा' कसा, ते लिहितो.

तळाचा आकार मल्टिबीम सोनारने मिळतो, पण तळाखालचं बघायला चर्प किंवा बूमर लागतो, म्हणजे तळाखालच्या थरांवरून परतणाऱ्या ध्वनीने ते दाखवणारी उपकरणं. चर्पची बारकाई चांगली, १०-३० सेंटिमीटरचे थर वेगळे दिसतात. मऊ चिखलात तो १०-२० मीटर आत जातो, घट्ट वाळूत मात्र काही मीटरांतच थकतो. वाळूचा भाग असेल तर बूमर घ्यावा. बारकाई कमी मिळेल, पण खोल दिसेल.

मोजमाप वेळेत येतं, मीटरमध्ये नाही, आणि तिथेच गडबड होते. लहर जाऊन परत यायचा वेळ १० मिलिसेकंद असेल तर पाण्यात (१,५०० मीटर प्रतिसेकंद) ते ७.५ मीटर होतात. गाळात वेग जास्त असतो. समजा तळाखालचा थर २० मिलिसेकंदांवर दिसतोय. पाण्याचा वेग लावला तर १५ मीटर, १,६५० लावला तर १६.५. दीड मीटरची तफावत निव्वळ गृहीतकातून आली. तिथला एक तरी गाभा, म्हणजे नळीने काढलेला गाळाचा उभा नमुना, हातात असला, तर थर खरोखर कुठे लागला ते बघून वेग जुळवून घेता येतो.

सर्वेक्षणाच्या ओळींमधलं अंतरही आधी ठरवा. १०० मीटर रुंदीचं जुनं नदीपात्र ५०० मीटरवरच्या ओळींत दिसलं तर नशीब. दिसलं तरी ते कुठून कुठे वाहतं हे जोडताना अंदाजच चालतो. आधी मोकळ्या जाळ्याने पात्रं हुडकायची, मग हव्या त्या पात्रावर २५-५० मीटरवर दाट ओळी घ्यायच्या.

आता सगळ्यात चिडवणारी गोष्ट. जुन्या पात्रांत आणि खाजणांत सेंद्रिय गाळ असतो, तो कुजून मिथेन होतो, आणि त्या वायूच्या बुडबुड्यांमुळे ध्वनी तिथेच अडतो. नोंदीत पांढुरका पडदा दिसतो, खाली काही नाही. म्हणजे जी जागा सर्वांत कामाची, तीच बहुधा झाकलेली. अशा ठिकाणी उपकरण बदलून फारसा फरक पडत नाही. पडद्याच्या कडेला, जिथे वायू संपतो तिथे, गाभा घ्यावा.

तेल-कंपन्यांची जुनी त्रिमितीय भूकंपीय माहिती मिळाली तर सोडू नका. उत्तर समुद्राखालच्या डॉगरलँडमधली नदीपात्रं, सरोवरं आणि किनारे तेव्हा बर्मिंगहॅम विद्यापीठात असलेल्या व्हिन्स गॅफ्नी यांच्या गटाने याच माहितीवरून मांडले. मर्यादा एवढीच की ती खोलवरच्या तेलासाठी घेतलेली असते, त्यामुळे वरचे काही मीटर धूसर येतात. आपल्याला हवे असतात नेमके तेच.

तळगाळ

गाभ्याबद्दल. पाणथळ जमिनीवर किंवा खाजणात काम असेल तर आधी अरुंद गूज ऑगरने (पन्हळीसारख्या हातगिरमिटाने) भराभर भोकं पाडून थर समजून घ्यायचे आणि मग निवडक जागी रशियन कोररने नमुना काढायचा. रशियन कोरर बाजूने कापतो, त्यामुळे थर दबत नाहीत. पण खडे, जाड वाळू किंवा लाकूड आलं की पातं बंद होत नाही आणि वरचा चिखल आत शिरतो. एकाच भोकात सलग खोल जाऊ नका. अर्धा मीटर अंतरावर दोन भोकं घ्या, आळीपाळीने ५० सेंटिमीटरचे तुकडे काढा आणि प्रत्येक जोडावर १० सेंटिमीटर सामाईक ठेवा. कोररचं टोक खालचा गाळ आधीच ढवळून ठेवतं, तसल्या भागावरून वय काढू नये.

समुद्रात व्हायब्रोकोरर. कंपनाने नळी आत जाते तेव्हा मऊ थर चेपले जातात. उथळ पाण्यात हाताने चालवत असाल तर नळी उपसण्याआधी दोन मापं घ्याच: नळीच्या वरच्या तोंडापासून बाहेरच्या तळापर्यंत आणि आतल्या गाळापर्यंत. समजा दोन्हींत ४० सेंटिमीटर फरक आला आणि नळी ४ मीटर घुसली आहे, तर दहा टक्के चेपण. ही चेपण सगळ्या लांबीवर सारखी वाटून देतात, पण चेपतं ते पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि चिखल, वाळू जवळपास नाही. थर बघूनच वाटणी करावी.

नळी उभी चिरायची. एक अर्धा भाग हात न लावता जपून ठेवायचा, दुसऱ्यावर काम. दोन्ही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ४ अंश सेल्सियसला. ओलसर गाभा महिनोन्‌महिने बाहेर राहिला की त्यावर बुरशी येते आणि तिचा ताजा कार्बन वयात शिरतो.

सेंद्रिय अंश मोजायला १०५ अंशाला रात्रभर वाळवा, मग ५५० अंशाला ४ तास जाळा आणि वजनातली घट बघा. चिकणमाती जास्त असेल तर तिच्या बांधणीतलं पाणीही याच तापमानाला उडतं. त्यामुळे ५-६ टक्के घट दिसली म्हणून लगेच 'सेंद्रिय थर' लिहू नये.

फोरॅम_मास्तर

जुन्या समुद्रपातळीचा एक पक्का बिंदू कसा बनतो, ते आकड्यांत मांडतो. बिंदूला चार गोष्टी लागतात: ठिकाण, वय, उंची, आणि तो नमुना तेव्हाच्या भरतीच्या पट्ट्यात नेमका कुठे तयार झाला याचा अर्थ. चौथी गोष्ट नसेल तर तो पातळीबिंदू होत नाही, फक्त मर्यादाबिंदू होतो: 'समुद्र याच्या वर होता' किंवा 'याच्या खाली होता', एवढंच.

उदाहरण घ्या. भोकाचं तोंड सरासरी पातळीच्या वर ०.८५ मीटर. नमुना ७.०५ मीटर खोल. म्हणजे नमुन्याची उंची उणे ६.२०. त्यात ट्रोकॅमिना इन्फ्लाटा आणि जॅडामिना मॅक्रेसेन्स ही फोरॅम (कवचाचे एकपेशीय सूक्ष्मजीव) भरपूर, म्हणजे खाजणाचा वरचा भाग, जिथे फक्त उधाणाच्या भरतीचं पाणी पोहोचतं. आजच्या खाजणात हा पट्टा समजा +१.४० मीटरवर आहे. मग तेव्हाची पातळी: उणे ६.२० वजा १.४० = उणे ७.६० मीटर. ही वजाबाकी विसरून थेट उणे ६.२० लिहिलेले तक्ते छापून आलेले आहेत.

आता चूक. पट्ट्याची रुंदी ±०.३०, भरतीची मोजणी ±०.१०, भोक तिरकं जाण्याचा धोका खोलीच्या एक टक्का म्हणजे ±०.०७, लेव्हलिंग ±०.०५, नमुन्याची जाडी ±०.०१. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ±०.३३ मीटर. गाळ दबल्याची चूक यात धरलेली नाही, कारण ती दोन्ही बाजूंनी सारखी नसते. दबलेला नमुना नेहमी खालीच जातो आणि समुद्र होता त्याहून खाली दाखवतो. उपाय एकच: जमेल तिथे कातळावर किंवा घट्ट जुन्या मातीवर थेट बसलेला पीटचा तळाचा थर घ्या. त्याखाली दबायला काही नसतं. दोन चिखलांमध्ये अडकलेला पीट दुय्यम.

प्रयोगशाळेतलं: ५ ते १० घन सेंटिमीटर गाळ, ५०० आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून ओलाच धुवायचा. वाळवायचा नाही. खाजणातली फोरॅम वाळूचे कण चिकटवून कवच करतात, ती सुकली की चुरतात. २०० तरी मोजावीत. वरच्या खाजणात प्रजाती दोन-तीनच असतात, तिथे १०० वर भागतं. आणि एक सापळा. पीटच्या आसपासचं पाणी आम्लधर्मी असतं, त्यात एल्फिडियम, अमोनिया या फोरॅमची चुन्याची कवचं विरघळून जातात. उरतात फक्त वाळूच्या कवचाची, आणि मूळचा चिखलमैदानाचा नमुना वरच्या खाजणाचा वाटायला लागतो. एका फटक्यात मीटरभर चूक. कवच गेलं तरी आतलं सेंद्रिय अस्तर पुष्कळदा राहतं, ते शोधा, आणि त्याच नमुन्यात डायटम (सूक्ष्म शैवाल) बघा. त्यांची भिंत सिलिकाची असते, तिला आम्लाचं काही वाटत नाही.

परागवेडी

खारफुटीच्या किनाऱ्यांवर फोरॅमच्या जोडीला पराग बघाच, पण टक्केवारीवर भाळू नका. रायझोफोरा या खारफुटीच्या झाडाचा पराग अमाप तयार होतो आणि लांबवर जातो. तिवराचा, म्हणजे अव्हिसेनियाचा, फार कमी पडतो. नमुन्यात रायझोफोरा २० टक्के म्हणून तिथे त्याचं वन होतं असं नाही. तिवर ३ टक्के दिसला तरी तो अगदी जवळ उभा असू शकतो. पक्क्या निष्कर्षासाठी आजच्या वनातून जमिनीच्या वरच्या सेंटिमीटरचे नमुने एका रेषेत, समुद्राकडून आतपर्यंत घ्यावेत आणि त्यांच्याशी तुलना करावी. नमुन्यात आधीच लायकोपोडियम या बाहेरच्या वनस्पतीच्या बीजाणूंची, संख्या माहीत असलेली गोळी टाकली की टक्केवारीसोबत प्रत्यक्ष संख्याही मिळते. नाहीतर एक वाढला की दुसरा आपोआप घटलेला दिसतो.

कार्बन_चौदा

वयाचा मुद्दा वरच्या प्रतिसादांत राहिला.

पीटचा ठोकळा कार्बन-१४ वयासाठी थेट पाठवू नका. वरून खाली घुसलेली मुळं त्याला तरुण करतात, वाहून आलेला जुना कोळसा म्हातारा. बी, पान, काटकीचं टोक अशी जमिनीवरच्या झाडांची एका हंगामाची वस्तू निवडा. एएमएसला (कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या यंत्राला) एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो, म्हणजे काही मिलिग्रॅम सुक्या बिया. इमारती लाकडासारखा जाड तुकडा मिळाला तर बाहेरची कडी घ्यावी, गाभ्यातलं लाकूड शेकडो वर्षं आधीचं असतं.

शिंपल्यांना समुद्राचं जुनं कार्बन लागतं, त्यामुळे ते आहेत त्याहून जुने दिसतात. मरीन२० या वय जुळवण्याच्या वक्रात होलोसीन काळासाठी (गेली सुमारे ११,७०० वर्षं) हा फरक सरासरी सुमारे ५५० वर्षं आहे, आधीच्या मरीन१३ मध्ये तो ४०० च्या आसपास होता. स्थानिक फरकाचा आकडा (डेल्टा-आर) हा त्या त्या वक्राच्या सापेक्ष असतो. जुन्या लेखातला डेल्टा-आर उचलून मरीन२० ला लावला की दीडेकशे वर्षांची चूक ठरलेली, आणि ती कुठल्याही आकृतीत डोळ्यांना दिसत नाही. आकडा नव्या वक्रावर पुन्हा काढून घ्यायचा. खाडीतल्या शिंपल्यांचं तर आणखी वाकडं, कारण नदीचं पाणी चुनखडीतून येत असेल तर फरक शेकड्यांनी वाढतो.

अॅरगोनाइटच्या शिंपल्यात कॅल्साइट तयार झालंय का (म्हणजे मूळचं खनिज बदललंय का) ते क्ष-किरण विवर्तनाने तपासा आणि मगच वय काढा. बाहेरचा २०-३० टक्के थर सौम्य आम्लाने उतरवायचा.

पुळणी आणि वाळूच्या टेकड्यांना ओएसएल (कणांना प्रकाशाने चेतवून वय काढण्याची पद्धत) बरं. त्यातून वाळूने शेवटचा प्रकाश कधी पाहिला ते कळतं. नमुना अपारदर्शक नळीत, ताज्या तासलेल्या भिंतीत ठोकून. दोन्ही टोकांची काही सेंटिमीटर वाळू टाकून द्यायची. इथे वय बिघडवतं ते पाणी. कणांमधलं पाणी किरणोत्सार शोषतं, आणि पाण्याच्या अंदाजात १ टक्का फरक पडला की वयात साधारण १ टक्का फरक पडतो. आज समुद्राखाली चिंब असलेली पुळण आधी हजारो वर्षं कोरडी होती की ओली, ते ठरवल्याशिवाय वयाला अर्थ नाही.

जिज्ञासू_२

मधेच विचारतो. खंभातच्या आखातात ९,५०० वर्षांपूर्वीचं शहर सापडल्याचं वाचलं होतं. ते या चौकटीत कुठे बसतं?

सोनारी

बसत नाही. २००१-०२ मध्ये ३०-४० मीटर खोलीवरच्या सोनार-चित्रांत चौकोनी आकार दिसले आणि ड्रेजने उपसलेल्या लाकडाच्या तुकड्याचं वय ९,५०० च्या घरात आलं. वय खरं धरलं तरी ते झाड मेल्याचं वय आहे, वस्तीचं नाही. ड्रेज तळावरून फरफटत सगळं एकत्र गोळा करतो, कुठली वस्तू कुठल्या थरातली ते कायमचं हरवतं. त्यात हे आखात जगातल्या जबर भरती-प्रवाहांपैकी, तिथे नद्यांनी आणलेलं लाकूड आणि खापरं कुठूनही कुठेही जातात. सोनारमधले सरळ कोन तर कातळाच्या भेगांमुळेही दिसतात आणि उपकरणाच्या दोषामुळेही.

तुलनेला इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटजवळचं बोल्डनर क्लिफ घ्या. ११ मीटर खोल, सुमारे ८,००० वर्षं जुनं, पण पीटच्या थरात जागच्या जागी: कामाचं लाकूड, गारगोटीची हत्यारं, जळके दगड. थर, वय आणि वस्तू तिन्ही एकत्र. तिथल्या गाळात गव्हाचा डीएनए मिळाल्याचा २०१५ मधला दावा मात्र वादात आहे, कारण त्या डीएनएवर प्राचीनतेची झीज दिसत नाही असा आक्षेप त्याच वर्षी आला. जागा पक्की असली तरी प्रत्येक दावा आपोआप पक्का होत नाही.

शिंपल्यांचा_ढीग

किनारा उभा झाला, आता माणूस. बरेच जण किनाऱ्याच्या पट्ट्यावर 'वस्तीची शक्यता' रंगवून मोकळे होतात. शिंपले पायी फार लांब नेत नाहीत, साधारण ५-१० किलोमीटरच्या आत खातात. दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंटच्या गुहेत १,६४,००० वर्षांपूर्वीही शिंपले खाल्ल्याचा पुरावा आहे, पण समुद्र उतरला तेव्हा गुहेसमोरचं अगुल्हास मैदान उघडं पडून किनारा कित्येक दहा किलोमीटर दूर गेला. त्या थरांत शिंपले नाहीत म्हणून माणसांनी समुद्र सोडला असं म्हणता येत नाही. समुद्रच गुहेपासून लांब गेला होता. म्हणून प्रत्येक थरासाठी त्या काळातलं किनाऱ्याचं अंतर काढून शिंपल्यांच्या प्रमाणासमोर मांडावं, मगच आहाराबद्दल बोलावं.

ढीग माणसाचा की वादळाने टाकलेला? माणसाच्या ढिगात खाण्याजोग्या मापाचे शिंपले, कोळसा, हत्यारं, माशांची हाडं. वादळाच्या ढिगात पिल्लंही असतात, पाण्याने घासलेले तुकडे असतात, आणि मेल्यानंतर आतल्या बाजूला बार्नॅकल (कातळाला चिकटून राहणारे कवचधारी प्राणी) बसलेले शिंपलेही. आतलं बार्नॅकल ही मला सर्वांत भरवशाची खूण वाटते, रिकामा शिंपला कोणी खायला वेचत नाही. वस्ती बारमाही की हंगामी हे बघायला शिंपल्याच्या कडेपासून वाढीच्या दिशेने बारीक ड्रिलने चूर्ण घेऊन ऑक्सिजन समस्थानिक मोजतात; १ प्रति हजार फरक म्हणजे पाण्याच्या तापमानात ४ अंशांच्या थोडं वर. खाडीत ही मोजपट्टी फसते, कारण पावसाळ्यात गोडं पाणी मिसळलं की तापमान न बदलताही आकडा हलतो. उघड्या समुद्राच्या कातळावरची प्रजाती निवडावी.

शोधायचं कुठे? डेन्मार्कमध्ये मासेमारीला सोयीच्या जागांवरून (अरुंद सामुद्रधुनी, ओढ्याचं मुख, भूशिराचं टोक) बुडालेल्या वस्त्या ओळखण्याची पद्धत चांगली चालली. पण ते शांत पाणी आहे, वस्त्या गाळाखाली टिकल्या. लाटांच्या उघड्या किनाऱ्यावर तोच नियम लावला तर वस्तीची जागा बरोबर येईल आणि तिथे काहीच शिल्लक नसेल. त्यामुळे दोन नकाशे वेगळे ठेवा, एक वस्ती असण्याचा आणि एक टिकण्याचा. बुडी मारायची ती दोन्ही जुळतात तिथे.

खाजणवाला

+१. यात गोड्या पाण्याची भर घाला. ऑस्ट्रेलियाच्या मुरुजुगा किनाऱ्यावर २०२० मध्ये जाहीर झालेल्या दोन जागांपैकी उथळ जागी २६९ दगडी वस्तू मिळाल्या, आणि दुसरी, १४ मीटर खोलीवरची, बुडालेल्या गोड्या झऱ्यापाशी आहे. किनारा शतकागणिक सरकतो, झरा जागा सोडत नाही. पातळी झपाट्याने चढत होती (१४,६०० वर्षांपूर्वीच्या टप्प्यात ५०० वर्षांच्या आत १५ मीटरच्या आसपास) तेव्हा एका पिढीला किनारा सरकताना दिसत असणार, अशा काळात किनाऱ्यापेक्षा पाण्याला धरून शोध घेतलेला बरा.

वाळूचा_बांध

सगळ्यांचे आभार. एकच शंका: गाभे मोजकेच, समजा पाचच घेता येणार असतील, तर ते एकाच जुन्या पात्रावर आडवे घ्यावेत की वेगवेगळ्या खोलीवर पसरून?

तळगाळ

पसरून, पण आंधळेपणाने नको. चर्पच्या नोंदीत पात्राच्या कडेचा उथळ भाग बघा, जिथे पीटचा थर वर येत येत घट्ट जमिनीला टेकतो. त्या टेकण्याच्या रेषेवर उणे २०, उणे ३०, उणे ४० अशा तीन खोल्यांवर प्रत्येकी एक. हे तीन तुमचे पातळीबिंदू, दबण्याची चूक सर्वांत कमी असलेले. चौथा पात्राच्या मध्यात, पराग आणि डायटमचा सलग इतिहास मिळावा म्हणून. पाचवा राखून ठेवा, पहिल्या चारांपैकी एक बहुतेक वेळा वाळूत अडकून अर्धाच निघतो.